जागत्या रात्रीचे सोबती

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त, आजारी बांधवांच्या दिवशी मिस्साबलीनंतर जमलेल्या मंडळींपुढे दिलेले भाषण)



महोत्सव म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पताका, बँडबाजा व पंगती उभ्या राहतात, आणि ते योग्यच आहे. परंतु जुन्या करारात, लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात, ज्या महोत्सवाच्या वर्षाची आज्ञा दिलेली आहे, त्यात विसाव्याला मोठे स्थान आहे. त्या वर्षी दासाने आपल्या घरी परतावे, गेलेले वतन मूळ कुटुंबास परत मिळावे, आणि जमिनीला सुद्धा नांगरापासून विश्रांती लाभावी, असा तो नियम होता. ज्या देवाला मातीच्या विसाव्याची काळजी, त्याला माणसाच्या विसाव्याची काळजी किती असेल! म्हणून आज मी अशा बांधवांविषयी बोलणार आहे, ज्यांना ह्या महोत्सवात सर्व काही मिळेल, पण रात्रीची झोप तेवढी मिळणार नाही. आपल्या धर्मग्रामात कॅन्सरने आजारी असलेली जी माणसे आहेत, त्यांच्याविषयी मी बोलतो आहे.

प्रथम मला माझा एक दोष आपणांपुढे कबूल केला पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी, मी दुसऱ्या एका ठिकाणी सेवेत असताना, स्तनाच्या कॅन्सरने आजारी असलेल्या एका भगिनीस पवित्र ख्रिस्तप्रसाद देण्यास मी जात असे. एके दिवशी ती मला म्हणाली, "फादर, दिवस कसाही जातो, पण रात्र जात नाही." मी तिला उत्तर दिले, "बाई, जपमाळ म्हणत जा, देव झोप देईल." आणि आशीर्वाद देऊन मी निघालो, कारण मला आणखी तीन घरे करावयाची होती. माझा उपदेश खोटा नव्हता, तथापि तो देताना मी खुर्चीवर बसलोसुद्धा नव्हतो. तिची रात्र कशी असते, हे मी विचारले नाही. ती भगिनी पुढे प्रभूच्या घरी गेली. तिला काय म्हणावयाचे होते, हे मला कळले ते चार वर्षांपूर्वी, जेव्हा मोठ्या आतड्याच्या कॅन्सरने मी स्वतः अंथरुणास खिळलो तेव्हा.

शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर सहा महिने, दर पंधरवड्यास, किमोथेरपी घ्यावी लागली. औषध चढविल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन रात्री मला डोळ्यास डोळा लागत नसे. घड्याळात एक वाजे, दोन वाजत, अडीच वाजत. माडांतून वारा जाई आणि दूर भरतीचे पाणी खडकावर आपटल्याचा आवाज येई. जपमाळ हाती घ्यावी तर तिसऱ्या रहस्यापुढे मोजणी चुके. मग मनात असे येई, की ज्याने पंचवीस-तीस वर्षे इतरांस देवावर भरवसा ठेवण्यास शिकविले, त्याला स्वतःला देवाच्या हाती निजता येऊ नये, ही केवढी लाजिरवाणी गोष्ट! झोपेच्या अभावापेक्षा ही लाजच मला अधिक जागवीत असे.

त्या दिवसांत मुंबईच्या एका रुग्णालयाच्या बाकावर माझी एका माणसाशी ओळख झाली. तो मुरूडकडील कोळी होता. होडीवर तांडेल म्हणून त्याचे आयुष्य गेले होते. जिभेच्या कॅन्सरमुळे त्याची अर्धी जीभ काढावी लागली होती. एकविरा आईचा तो भक्त आणि मी पाद्री, पण सलाईनच्या बाटलीखाली बसलेल्या माणसांत ओळखीला फारसा वेळ लागत नाही. मी झोपेची गोष्ट काढताच तो हसला, आणि माझा फोन मागून घेऊन त्यात त्याने आपला नंबर घातला. मोठ्या कष्टाने तो म्हणाला, "फादर, दोनला जाग आली तर वाजवा. मी जागाच असतो."

दोन-तीन वेळा मी संकोच केला. चौथ्या रात्री फोन केला. पलीकडून लगेच आवाज आला, "फादर, भरती लागली काय?" मी म्हणालो, "लागली, तांडेल." तो म्हणाला, "लागू द्या. ओहोटी येतेच." त्याचे बोलणे मला निम्मेच समजत असे, आणि आम्ही दहा मिनिटांहून जास्त कधी बोललो नाही. त्याने मला औषध सांगितले नाही, की धीर धरा असेही म्हटले नाही. परंतु फोन ठेवल्यावर त्या अंधाऱ्या खोलीत मी एकटा उरत नसे. झोप पुष्कळदा येई, कधी येतही नसे, पण रात्रीचा दंश मात्र निघून जाई. त्या भगिनीला जे हवे होते आणि मी दिले नाही, ते मला ह्या अर्ध्या जिभेच्या माणसाकडून मिळाले.

तेव्हापासून गेथसेमनीच्या बागेचा प्रसंग मी निराळ्या डोळ्यांनी वाचू लागलो. प्रभु येशू त्या रात्री प्रार्थनेस गेला, तेव्हा त्याने पेत्र, याकोब व योहान ह्या तिघांना बरोबर नेले. त्यांनी त्याचे दुःख दूर करावे अशी त्याची अपेक्षा नव्हती, केवळ आपल्याबरोबर जागे राहावे एवढेच त्याने मागितले. आणि तेवढेही त्यांना साधले नाही. देवाचा पुत्र मनुष्य झाला तेव्हा भयाच्या रात्री त्यालासुद्धा जागता सोबती हवासा वाटला. मग आपल्या घरातील आजाऱ्याला तो हवासा वाटला तर त्यात अश्रद्धा कोणती? ज्याला झोप येत नाही त्याची श्रद्धा कमी आहे, असे ह्यापुढे कोणीही कोणाला म्हणू नये.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. मी डॉक्टर नव्हे, परंतु ज्या गोष्टी डॉक्टर मंडळींकडून समजून घेतल्या व ज्यांचा मला उपयोग झाला, त्या आपणांपासून लपविणे बरे नव्हे.

ह्या आजारात झोप जाण्याची कारणे पुष्कळ आहेत, आणि त्यांतील कित्येक शरीराची आहेत, मनाची नव्हेत. उलटी होऊ नये म्हणून किमोथेरपीबरोबर डेक्सामेथासोन नावाचे जे स्टिरॉइड देतात, ते झोप उडविते. माझ्या त्या दोन-तीन रात्रींचे मुख्य कारण तेच होते. ते सकाळच्या वेळी घेता येईल काय, हे आपल्या डॉक्टरांस विचारावे. स्तनाच्या कॅन्सरवरील काही गोळ्यांनी रात्री अंग तापल्यासारखे होऊन घाम फुटतो. वेदना, खोकला, वरचेवर लघवीस उठणे, दिवसा थकव्याने लागलेली लांब झोप, ह्या सर्वांमुळे रात्र मोडते. तेव्हा "झोप येत नाही, त्याचे काय सांगावे" असे म्हणून गप्प राहू नये. पुढच्या खेपेस डॉक्टरांस ही गोष्ट आवर्जून सांगावी.

झोप मोडण्याची सवय जडली असेल, तर गोळीपूर्वी करून पाहण्यासारखे उपाय आहेत, आणि डॉक्टर लोक हल्ली त्यांनाच पहिले स्थान देतात. रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरलेल्या वेळी उठावे. दिवसा पडावयाचे तर अर्धा तास, आणि तेही दुपारी तीनच्या आत. दुपारनंतर चहा-कॉफी टाळावी. जेवढे झेपेल तेवढे अंगणात किंवा पुळणीवर चालावे. सुमारे वीस मिनिटे पडूनही झोप आली नाही, तर अंथरुणाशी झगडत राहू नये. उठून मंद उजेडात दुसरीकडे बसावे आणि डोळे जड झाले म्हणजे परत यावे. मात्र शस्त्रक्रियेनंतर ज्याला अशक्तपणा आहे त्याने एकट्याने उठू नये, घरच्यांस हाक मारावी. घड्याळाचे तोंड भिंतीकडे करावे. उद्याच्या काळज्या, म्हणजे पैसे, तपासणी, मुलांच्या शाळा, ह्या सायंकाळी एका वहीत लिहून वही मिटून ठेवावी. शेजाऱ्याची झोपेची गोळी मागून घेऊ नये, आणि मद्याने झोप येते हा समज सोडून द्यावा. मॉर्फिन चालू असता त्यांतील एकही वस्तू मनानेच घेतल्यास श्वासाला धोका होतो.

दोन गोष्टी मात्र सकाळपर्यंत थांबवू नयेत. किमोथेरपी चालू असता ताप अडतीस अंश सेल्सिअस, म्हणजे फॅरनहाइटने १००.४ किंवा त्याहून अधिक झाला, तर रात्रीच रुग्णालयास कळवावे, कारण त्या दिवसांत रक्तातील संरक्षक पेशी कमी झालेल्या असतात. आणि दुसरी गोष्ट, जगणे नको असे विचार मनात घोळू लागले, तर ते पाप म्हणून दडवू नयेत, त्याच घटकेस कोणाला तरी सांगावेत. सरकारची टेली-मानस नावाची सेवा २०२२ साली सुरू झाली आहे. १४४१४ नव्हे, नीट ऐका, १४४१६ ह्या क्रमांकावर दिवसरात्र मराठीतून बोलता येते. आणि आपल्या धर्मगुरूचे दार तर आहेच.

वेदनेविषयी एक गैरसमज आपल्या लोकांत फार खोल गेलेला आहे. कित्येक वृद्ध मंडळी वेदनाशामक औषध नाकारतात आणि म्हणतात, "प्रभूने क्रूस वाहिला, मीही वाहीन." हा भाव थोर आहे. परंतु ख्रिस्तसभेने असे ओझे कोणावर लादलेले नाही. पोप बारावे पायस ह्यांनी २४ फेब्रुवारी १९५७ रोजी डॉक्टरांच्या एका सभेत ह्याच प्रश्नाचे उत्तर दिले. दुसरा उपाय नसेल, आणि आजाऱ्याच्या धार्मिक व नैतिक कर्तव्यांच्या आड येत नसेल, तर मॉर्फिनसारख्या औषधाने वेदना शमविणे धर्मास मान्य आहे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. आपल्या देशात १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे मॉर्फिन मिळणे फार कठीण झाले होते. २०१४ साली त्या कायद्यात सुधारणा होऊन वाट मोकळी करण्यात आली. १९८६ साली डॉ. लुइस डिसोझा ह्यांनी वांद्र्यास शांती अवेदना सदन स्थापन केले. अशा तऱ्हेचे भारतातील ते पहिले सेवागृह. ज्यांचा आजार बरा होण्यापलीकडे गेला आहे, त्यांच्या वेदना तेथे शमवितात. वेदनेने तळमळणाऱ्यास उपदेशाने झोप येत नाही. आधी वेदना शमली पाहिजे.

आता सोबतीकडे येतो. आपल्या किनाऱ्यावरील आजाऱ्याची एकाकी स्थिती आपण सर्व जाणता. चौल-रेवदंड्यापासून उरणपर्यंत, कोणाच्या घरी हा आजार निघाला की पहिला शब्द येतो तो परळचा. तेथील टाटा रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले, आणि तेव्हापासून किती कुटुंबांनी रेवस-मांडव्याच्या लाँचेतून फायली छातीशी धरून तो प्रवास केला असेल! आता खारघरला, आपल्याच जिल्ह्यात, त्याच संस्थेचे केंद्र आहे, आणि जानेवारी २०२४ पासून अटल सेतूने वाटही जवळ झाली आहे. दादरला गाडगे महाराजांच्या नावाने जी धर्मशाळा आहे, तेथे दूरदूरच्या गावांतील रुग्ण व त्यांचे नातलग राहतात. अशा ठिकाणी रात्री कोणी जागा असला तर शेजारचाही जागा असतो, आणि दोघांनाही एकमेकांचे दुखणे समजते. पण उपचार संपवून माणूस गावी परतला, म्हणजे त्याच्या भोवती प्रेमाची माणसे असतात, तरी त्या वाटेने गेलेला एकही नसतो. खरा एकांत तेथे सुरू होतो.

ही उणीव इतरांनी कशी भरून काढली, ते पाहा. १९५२ साली न्यूयॉर्कमध्ये टेरेस लॅसर नावाच्या बाईने, स्वतःच्या स्तनाची शस्त्रक्रिया झाल्यावर, तशाच दुसऱ्या स्त्रियांना रुग्णालयात जाऊन भेटण्यास सुरुवात केली. प्रथम डॉक्टरांना ते रुचले नाही. पुढे तिचे कार्य देशोदेशी पसरले. आपल्या मुंबईत वंदना गुप्ता ह्या स्वतः कॅन्सरमधून उठल्या, आणि त्यांनी १९९४ साली व्ही केअर नावाची संस्था काढली. तिचे स्वयंसेवक रुग्णांच्या बाजूस बसून त्यांच्याशी बोलतात, आणि त्यांतील कित्येक स्वतः ह्या आजारातून गेलेले आहेत.

अशा सोबतीचा उपयोग किती, ह्याविषयी अतिशयोक्ती करू नये. १९८९ साली अमेरिकेतील डॉ. डेव्हिड स्पीगल ह्यांनी प्रसिद्ध केले, की स्तनाचा कॅन्सर शरीरात पसरलेल्या ८६ स्त्रियांपैकी ज्या दर आठवड्यास एकत्र बसून मन मोकळे करीत, त्या इतरांपेक्षा अधिक काळ जगल्या. जगभर त्याची चर्चा झाली. परंतु २००१ साली कॅनडात २३५ स्त्रियांविषयी तशीच परीक्षा झाली, तेव्हा आयुष्य वाढल्याचे आढळले नाही. मात्र मनाचा क्लेश उतरला व वेदनाही कमी जाणवली, हे दिसून आले. मला हे दुसरे उत्तर अधिक आवडते, कारण त्यात खोटी आशा नाही. सोबतीने आजार बरा होतो असे आपण कोणास सांगू नये. सोबतीने आजार एकट्याचा राहत नाही, एवढेच सांगावे. ते थोडे नव्हे.

ह्या कामात जिभेला आवर घालावा लागतो. आजाऱ्याच्या घरी जाऊन "अमक्यालाही हाच झाला होता, सहा महिन्यांत गेला" असे सांगणारे महाभाग आपल्यात आहेत. "तंबाखू सोडा म्हणून किती सांगितले", "मिसरी लावायची म्हणून झाले", असे ऐकविणारेही आहेत. तंबाखू व मिसरी सोडण्याचा उपदेश निरोग्याला करावा, आणि अवश्य करावा. आजारी माणूस तो उपदेश रात्री दोन वाजता स्वतःलाच शंभर वेळा करीत असतो. आणखी काही घरांत आजाऱ्याचा पेला व ताट वेगळे ठेवलेले मी पाहिले आहे. कॅन्सर हा स्पर्शाने लागणारा रोग नव्हे. वेगळ्या ठेवलेल्या पेल्याने किती जणांची झोप गेली असेल, ते देव जाणे.

म्हणून ह्या महोत्सवाची आठवण म्हणून माझी एक विनंती आहे. दगडाची कमान आपण बांधली, ती शोभिवंत आहे. आता माणसांची एक साखळी बांधू या. आपल्या धर्मग्रामात ह्या आजारातून उठलेली, मला ठाऊक असलेली, नऊ माणसे आहेत. त्यांतील काही जण ह्या गोष्टीचा उच्चारही करीत नाहीत, आणि मी त्यांची नावे घेणार नाही. मी एवढेच म्हणतो, की ज्यांना इच्छा होईल त्यांनी मला खासगीत येऊन सांगावे. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सायंकाळी, धर्मगुरूनिवासाच्या ओट्यावर आपण बसू. आजारी येतील, बरे झालेले येतील, आणि रात्री ज्यांची उशी आजाऱ्याच्या उशाशी असते ते घरचे लोकही येतील, कारण त्यांचीही झोप गेलेली असते. तेथे जे बोलले जाईल ते ओट्याबाहेर जाणार नाही. कोणी कोणाला औषध सुचविणार नाही, आणि कोणाचे औषध बंद करविणार नाही. रडू आले तर रडावे, गप्प बसावेसे वाटले तर गप्प बसावे. आणि ज्यांना जमेल त्यांनी आठवड्यातील एक रात्र आपल्या नावावर घ्यावी, की त्या रात्री त्यांचा फोन उशाशी असेल. पहिल्या रात्री, सोमवारी, मी माझे नाव लिहिले आहे. हा ओटा केवळ कॅथलिकांचा नसेल. मला सोबत देणाराने माझा धर्म विचारला नव्हता.

संत पेरेग्रिन ह्यांना ख्रिस्तसभा कॅन्सरग्रस्तांचे आश्रयदाते मानते. ते १३४५ साली निधन पावले. पायास कॅन्सर झाला आणि दुसऱ्या दिवशी पाय कापावयाचा होता, तेव्हा ती रात्र त्यांनी क्रूसासमोर जागून काढली, आणि शेवटी तेथेच त्यांचा डोळा लागला, अशी त्यांची कथा आहे. सकाळी पाय बरा झालेला आढळला, असे ती कथा पुढे सांगते. तो चमत्कार सर्वांना लाभत नाही. पण जागणाऱ्याजवळ कोणी तरी होता, हा त्या कथेचा पूर्वार्ध आपल्या हातचा आहे.

माझा तो तांडेल गेल्या पावसाळ्यात वारला. शेवटचे काही आठवडे मीच त्याला रात्री फोन करीत असे. त्याला बोलता येत नसे, म्हणून मी विचारी, "तांडेल, भरती लागली काय?" आणि तो फोनवर बोटाने टकटक करी. एकदा वाजविले म्हणजे होय. मग मी म्हणे, "ओहोटी येतेच," आणि आम्ही दोघे काही वेळ तसेच राहत असू. त्याच्या अंत्ययात्रेला मी गेलो. त्याच्या पत्नीने मला इतकेच सांगितले, की शेवटच्या रात्री फोन त्याच्या हातात होता.

बंधु-भगिनींनो, आपल्यापैकी कित्येकांनी समुद्रावर रात्री काढल्या आहेत. अंधारात दुसऱ्या होडीचा दिवा दिसला म्हणजे पाणी शांत होत नाही, वाराही पडत नाही. तरी मन स्थिर होते, हे तुम्हांला मजपेक्षा अधिक ठाऊक आहे. आज रात्री आपण घरी जाल, तेव्हा आपल्या वाडीत कोणाच्या खिडकीत उशिरापर्यंत दिवा दिसतो, ते पाहा, आणि उद्या त्या घरी जा. पण जाल तेव्हा, मी केली ती चूक करू नका. आधी खुर्चीवर बसा.

ज्याने स्वतः एकट्याने जागून ती रात्र सोसली, तो प्रभु येशू आपल्या आजारी बांधवांच्या उशाशी राहो, आणि त्याची पवित्र माता, दुःखितांची आई, आपणां सर्वांस एकमेकांसाठी जागे ठेवो. आमेन.